पॅकिंगला उलटसुलट नसतं

"तेल किती निघालं?" भूपालशेठनी विचारलं.

"पावणेचार लिटर," मी म्हणाले.

"घातलं होतं किती?"

"चार."

"मग पाव लिटर गेलं कुठं?"

"इंजिनाच्या अंगाला लागलंय. अंघोळ करून आलेला माणूस अंगावर थोडं पाणी घेऊनच येतो की, शेठ."

भूपालशेठ हसले नाहीत. एरवी ते माझ्या बोलण्याला हसायचे, निदान मिशी हलवायचे. त्या दिवशी पत्र्याच्या स्टुलावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, मयताला आल्यासारखे. समोर लाकडी ठोकळ्यांवर त्यांच्या रेसच्या गाडीचं इंजिन उलटं पडलं होतं. पलीकडे माझे सासरे, आप्पा. आणि दाराच्या चौकटीला टेकून माझी नणंद वैजयंता, जी ती गाडी चालवायची.

याला आता वीस वर्षं होऊन गेली. मोबाईलला तेव्हा कॅमेरा नव्हता. असता तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक रीत होती. इंजिन बसलं आणि कुणामुळं बसलं यावर वाद निघाला, की ते दोन्ही बाजूंच्या देखत उघडायचं. तोवर कुणी पाना लावायचा नाही. प्रत्येक भाग क्रमानं टेबलावर मांडायचा, मापं मोठ्यानं वाचायची आणि वहीत उतरवायची. वही माझ्याकडे असायची. आमचं क्रँक घासायचं आणि इंजिनं बांधायचं दुकान. मी डिप्लोमा झालेली, म्हणून लग्नानंतर महिन्याभरात आप्पांनी मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. गिऱ्हाइकांना सांगायचे, "मशीन चुकंल, सून चुकायची न्हाई." घरी आमटी खारट झाली की हेच वाक्य फिरवून म्हणायचे.

वैजू तेव्हा चोवीस वर्षांची. कोल्हापूरच्या पोरींसारखी "मी जातो, मी येतो" असं बोलायची. माझं माहेर कऱ्हाडचं, त्यामुळं पहिले काही महिने मला घरात एक दीर जास्त असल्यासारखं वाटे. शाळेत असल्यापासून ती आप्पांच्या मांडीवरून जीप चालवायची. पुढं भूपालशेठनी, म्हणजे शिरोलीकडं ज्यांची फाउंड्री होती आणि फाउंड्रीपेक्षा ज्यांना गाड्यांचं वेड जास्त होतं त्या माणसानं, तिला आपल्या गाडीत बसवलं. गाडी शेठची, इंजिन आप्पांचं, स्टिअरिंग वैजूचं. दोन वर्षं ही तीन पायांची तिवई नीट उभी होती. मग चेन्नईच्या ट्रॅकवर, दुसऱ्या नंबरावर असताना, दहाव्या फेरीत इंजिनानं खट्‌खट्‌ करून जीव टाकला.

शेठच्या मेव्हण्याचा मुलगा सांगलीत हेल्मेट मांडीवर घेऊन वाट बघत बसला होता. दोष ड्रायव्हरचा निघाला तर वैजूची सीट त्याला मिळणार, हे शेठनी लपवलं नव्हतं. ते कधीच काही लपवत नसत. लपवण्यात फार वेळ जातो म्हणायचे.

"परत एकदा सांग," शेठ वैजूला म्हणाले. "दिवा कधी लागला?"

"तिसऱ्या फेरीत. ते मोठं उजवं वळण आहे ना, त्याच्या शेवटाला. वळणातनं बाहेर पडलो की जरा वेळानं विझायचा."

"आणि मग?"

"मग दर फेरीला. तिथंच."

"म्हणजे तेलाचा लाल दिवा तू सहादा बघितलास आणि सहादा सोडून दिलास."

"सातदा," वैजू म्हणाली. "नवव्या फेरीपर्यंत सात होतात."

मी वहीतून वर बघितलं. आपल्याविरुद्धचा आकडा कमी पडला म्हणून दुरुस्त करणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता.

"ड्रायव्हरनं दिवा बघायचा असतो," आप्पा इंजिनाकडं बघत म्हणाले. "लागला की थांबायचं असतं. लेक असली म्हणून काय झालं."

वैजू काही बोलली नाही. हे मला खटकलं. ही मुलगी रिक्षावाल्याला उत्तर द्यायची, तलाठ्याला द्यायची, एकदा देवळातल्या गुरवाला दिलं होतं. बापाला तर जेवताना घासागणिक द्यायची. आज बाप चारचौघांत तिच्या डोक्यावर खापर फोडत होता आणि ती चौकटीचा रंग नखानं खरवडत होती.

आम्ही इंजिन उघडत गेलो. आधी वरचा भाग. गिअर चुकून इंजिन मर्यादेबाहेर पळवलं असेल, तर व्हॉल्व्ह वेळेवर परत बसत नाहीत, पिस्टनचं डोकं त्यांना लागतं आणि तिथं चंद्रकोरीसारखी खूण उठते. मी चारही पिस्टन पुसून शेठच्या हातात दिले.

"कुठं आहे का खूण?"

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "नाही."

"मग गिअर चुकलेला नाही. हे लिहिते."

"लिही."

मग खाली. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याशी, जोडणाऱ्या रॉडमध्ये दोन अर्ध्या वाट्यांचं बेअरिंग असतं. वाटी आणि क्रँक यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा, केसाहूनही पातळ. इंजिन त्या पापुद्र्यावर तरंगतं. तो फाटला की लोखंडावर वाटी घासते. मी आठही वाट्या वर्तमानपत्रावर क्रमानं मांडल्या. एक आणि चारच्या मळकट झालेल्या. दोन आणि तीनच्या पार काळ्यानिळ्या, वरचा मऊ धातू पुसून आतलं तांबं उघडं पडलेलं. क्रँकची दोन नंबरची पिन मोजली.

"तीन थाऊ खाल्लीय," मी म्हणाले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ऐकायला काही वाटत नाही, इंजिनाला प्राणघातक असतो.

"तेल मिळालं नाही," आप्पा म्हणाले.

"पण होतं तर पावणेचार लिटर," शेठ म्हणाले.

पंप उघडला. धड होता. खालच्या तेलाच्या भांड्यात, ज्याला आम्ही चेंबर म्हणतो, पंपाची नळी उतरते आणि तिच्या टोकाला जाळी असते. जाळी तुंबली असेल म्हणून काढली. इतकी स्वच्छ, की त्यातून चहा गाळावा.

"पंप चांगला, जाळी चांगली, तेल भरपूर," शेठ बोटं मोजत म्हणाले. "आणि तेल मिळालं नाही. मग ते गेलं होतं कुठं? जोतिबाला?"

ते उठले, पँट झटकली.

"मी चार वाजता येतो, आप्पा. तेल कुठं गेलं ते मला सांगा. नाही सांगता आलं, तर मी धरून चालणार, की इंजिन बरोबर होतं आणि पोरगीनं सातदा दिवा बघून ते मारलं. परवा सांगलीचा पोरगा सीटचं माप द्यायला येईल. राग मानू नका."

"राग कसला," आप्पा म्हणाले. "न्याय तो न्याय."

वैजू शेठच्या मागोमाग बाहेर पडली, गाडीतलं तिचं सामान काढायला. कारण सापडायच्या आधीच ही सामान काढते, हेही मी मनात लिहून ठेवलं.

आप्पा आतल्या खोलीत ग्राइंडरवर टूल घासायला गेले. ते टूल आदल्याच दिवशी घासलेलं होतं.

मी एकटी चेंबरसमोर बसले. त्यात आप्पांची ती प्रसिद्ध प्लेट होती. तिच्याबद्दल सांगायला हवं. गाडी वळणाला लागली की चेंबरमधलं तेल कडेला पळतं, ताटात वाढलेली पातळ आमटी ताट कलतं करताच जाते तसं. छोट्या वळणात चालून जातं. लांब वळणात जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. हे होऊ नये म्हणून आप्पांनी जाळीच्या शेजारी पत्र्याची एक उभी भिंत बसवली होती, आणि भिंतीत दोन छोट्या झडपा, तेलाला जाळीकडं येऊ देणाऱ्या पण परत जाऊ न देणाऱ्या. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी ते लाल डोळ्यांनी चहाला आले आणि म्हणाले, "रातभर झोपलो न्हाई. डोक्यातनं एक प्लेट काढली." शेठनी ही गोष्ट साऱ्या उद्यमनगरात सांगितली. कारखानदारांच्या संघटनेनं आप्पांना शाल आणि श्रीफळ दिलं. शाल हिरवी होती, कपाटात वरच्या कप्प्यात होती.

मी चेंबर ठोकळ्यावर सपाट ठेवलं, त्यात तेल ओतलं, आणि गाडी उजवीकडं वळावी तसं चेंबर कलतं करून तेल डावीकडं जाऊ दिलं. एक, दोन, तीन मोजले. झडपा पटकन उघडल्या. जाळीपाशी असलेलं सगळं तेल भिंतीपलीकडं गेलं. चेंबर पुन्हा सपाट केलं. झडपा मिटल्या. तेल पलीकडंच राहिलं आणि फटीफटीतून थेंबाथेंबानं परत यायला लागलं. घरातली माणसं फिरायला बाहेर पडली आणि दार ओढलं गेलं, अशातली गत.

मी पुन्हा केलं. तेच. म्हणजे झडपा आत उघडायला हव्या होत्या त्या बाहेर उघडत होत्या. ही प्लेट नसती, तर तेल वळणात गेलं असतं आणि वळण संपताच धावत परत आलं असतं. प्लेटनं ते कोंडून ठेवलं होतं. सरळ रस्त्यावर काही कळलं नसतं, घाटातल्या लहान वळणांनाही नसतं. चेन्नईच्या त्या एका लांब वळणाला कळलं, सातदा.

प्लेट उलटी बसवली गेली असेल म्हणून मी स्क्रू काढून ती फिरवून बघितली. बसेना. नळीसाठी ठेवलेली खाच भलत्या बाजूला येत होती. प्लेट बसवताना चुकलेली नव्हती, जन्मतःच तशी होती. उजव्या पायाचा जोडा हवा होता आणि कुणीतरी अगदी बिनचूक मापाचा डाव्या पायाचा शिवला होता.

आता स्वतःच्या डोक्यातून वस्तू काढणारा माणूस मापात चुकतो. इथं अर्धा मिलिमीटर, तिथं एक. हिच्यात मापाची चूकच नव्हती. फक्त आरशातली होती.

आमच्या भिंतीवर खिळ्यांना आप्पांचे चाळीस वर्षांचे फर्मे टांगलेले असायचे. दोन लोखंडी भागांमधून तेल गळू नये म्हणून जाड कागदाचं पॅकिंग घालतात. ते कापायची उद्यमनगरची पद्धत अशी, की भागाला काळं तेल लावायचं, त्यावर कागद दाबायचा, अंगठा फिरवायचा, ठसा उमटला की कात्री चालवायची. असा एकेका इंजिनाचा कागद खिळ्याला. मी शोधत गेले, आणि ट्रॅक्टरच्या पॅकिंगांमागं त्या प्लेटचा कागद सापडला. एक बाजू कोरी. दुसऱ्या बाजूला काळा ठसा, रिबिटांचे गोल, खाच, सगळं. आणि कोपऱ्यात पंचनं ठोकलेलं एक अक्षर उमटलेलं, जिलबीसारखं. आमच्या घरात ते अक्षर वाचता येणारं कुणी नव्हतं.

मी कागद घेऊन आत गेले. आप्पांचा जेवणाचा डबा उघडलेलाही नव्हता.

"आप्पा, हा फर्मा कधीचा?"

त्यांनी मान न वळवता सांगितलं, "जुना हाय."

"यावर हे तमिळसारखं कुणी लिहिलंय?"

त्यांनी ग्राइंडर बंद केला. त्याचं चाक थांबायला बराच वेळ लागतो. ते पूर्ण थांबेपर्यंत ते चाकाकडं बघत राहिले.

"मुरुगेसनची हाय," ते म्हणाले. मुरुगेसन म्हणजे कोइमतूरचा मेकॅनिक. त्याची गाडी त्या वर्षी प्रत्येक रेस जिंकत होती आणि आप्पा त्याचं नाव जेवताना घेत नसत. "चेन्नईच्या आधीच्या रेसला त्याचं इंजिन उघडं होतं. प्लेट बाजूला ताडपत्रीवर पडलेली. तो चहाला गेला."

"आणि तुम्ही?"

"खिशात पॅकिंगचा कागद होताच."

"खिशात पॅकिंगचा कागद कुणाच्या असतो, आप्पा?"

"माझ्या असतो," ते म्हणाले, आणि ते खरं होतं. "पंधरा मिनिटं तो आला न्हाई. देवानंच धाडला त्याला."

"देवानं पंधरा मिनिटं दिली. कागद कुठली बाजू वर करून कापायचा, तेवढं सांगायचं राहिलं."

त्यांना कळलं नाही. मी टेबलावरची शाईची उशी घेतली, आप्पांच्या दुकानाचा रबरी शिक्का तिच्यावर दाबला आणि त्यांच्यापुढं धरला. रबरावर नाव उलटं होतं. कागदावर उमटवलं, सुलटं झालं; ठसा नेहमी मूळ वस्तूच्या उलटाच येतो. मग तो मुरुगेसनचा कागद ठशाची बाजू वर करून प्लेटवर ठेवला. तंतोतंत बसला. खाचेवर खाच, रिबिटावर रिबिट.

त्यांनी प्लेट हातात घेतली. अंगठ्यानं झडप उघडली, मिटली. पुन्हा उघडली.

"पॅकिंगला उलटसुलट नसतं गं," ते हळू म्हणाले. "कशीही कापा. पालथी घाला, बसतीय. चाळीस वर्षं कापतोय."

"हे पॅकिंग नव्हतं."

"न्हवतं."

"बसवताना बघितलं नाहीत, झडप कुठं उघडते ते?"

"बघितलं की. मला जरा चमत्कारिक वाटलं." ते थांबले. "म्हटलं, मुरुगेसनला ठाऊक असणार."

मला हसू आलं आणि मी ते आवरलं नाही. त्यांनी माझ्याकडं रागानं बघितलं, मग त्यांच्याही तोंडाचा एक कोपरा हलला, आणि मग घड्याळाकडं लक्ष जाऊन तो परत जागेवर गेला. सव्वातीन झाले होते.

"शेठला तू सांग," ते म्हणाले. "मोजमाप तुझं हाय."

"मोजमाप माझं. कागद तुमचा."

"काय सांगू? साऱ्या गावानं शाल घातली मला."

"ते मी कसं ठरवू, आप्पा? मी एवढंच सांगीन, की प्लेट उलटी आहे. ती तुमच्या डोक्यातनं उलटी आली म्हणा, नाहीतर कोइमतूरहून. पण शेठ विचारणार, की एवढी मापात बिनचूक असून उलटी कशी. ते शेठ आहेत, शेजारी नाहीत."

"आणि न्हाईच सांगितलं तर?"

"तर परवा सांगलीचा पोरगा."

त्यांनी डबा उघडला, भाकरीकडं बघितलं आणि पुन्हा बंद केला.

भूपालशेठ चारला पाच मिनिटं कमी असताना आले. त्यांच्यामागून वैजू. तिच्या हातात तिचं हेल्मेट आणि एक पिशवी होती, म्हणजे गाडी रिकामी करून झाली होती. मी टेबलावर चेंबर ठेवलेलं होतं, प्लेट त्यात परत बसवून. कागद घडी करून वहीत. आप्पा उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बोला," शेठ म्हणाले. "तेल कुठं गेलं?"

मी आप्पांकडं बघितलं. आप्पा चेंबरकडं बघत होते.

"शेठ," वैजूच बोलली. "कारण शोधण्यात अर्थ नाही. दिवा लागला तेव्हा मी थांबायला पाहिजे होतं. दुसऱ्या नंबरावर होतो, हाव सुटली. आप्पांच्या इंजिनाला काही झालेलं नव्हतं. चूक माझी आहे. सांगलीवाल्याला बोलवा."

तिनं हेल्मेट टेबलावर ठेवलं. ते तिला शेठनीच दिलेलं होतं, परत करायला आणलं होतं.

"झालं तर मग," शेठ म्हणाले, आणि उठायला गुडघ्यांवर हात टेकले.

"बसा, शेठ," आप्पा म्हणाले.

शेठ बसले.

"पोरगी खोटं बोलतीय. दिवा लागत होता, कारण तेल जाळीपाशी न्हवतं. तेल न्हवतं, कारण ही प्लेट उलटी हाय. आणि उलटी हाय, कारण..." त्यांनी माझ्यापुढं हात केला. मी वहीतून कागद काढून दिला. त्यांनी तो टेबलावर उलगडला आणि दोन्ही हातांनी सुरकुत्या सपाट केल्या, गरजेपेक्षा जास्त वेळ. "कारण ती चोरलेली हाय. मुरुगेसनची. मी ठसा घेतला आणि ठशाच्याच बाजूनं पत्रा कापला. माझ्या डोक्यातनं काय निघालेलं न्हाई. डोक्यात काय असतं तर उलटी बसली नसती."

शेठनी कागद उचलला आणि खिडकीच्या उजेडापुढं धरला. एका बाजूनं बघितला, फिरवला, दुसऱ्या बाजूनं बघितला. मी त्यांना चेंबर कलतं करून दाखवलं. तेल पलीकडं गेलं आणि तिथंच राहिलं. त्यांनी मला पुन्हा करायला लावलं. दोनदा. तिसऱ्यांदा स्वतः केलं.

"आप्पा," ते शेवटी म्हणाले, "चोरी केलीत ती केलीत. निदान सरळ तरी करायची."

आप्पांनी मान खाली घातली.

"ह्या पोरीला तुम्ही सकाळी माझ्यासमोर बोल लावला."

"लावला. मला तवा ठाऊक न्हवतं. पण लावला."

शेठनी हेल्मेट उचललं, त्यावरची धूळ बाहीनं पुसली आणि वैजूपुढं धरलं. "तीन आठवड्यांनी रेस आहे. दिवा लागला की थांबायचं. सातदा मोजत बसायचं नाही. सांगलीच्या पोराला मी सांगतो, हेल्मेट आहेच तर मोटरसायकल चालव."

वैजूनं हेल्मेट घेतलं. "येतो," म्हणाली, म्हणजे रेसला.

"शेठ, ती शाल," आप्पा म्हणाले.

"ठेवा. थंडीची लागते. नारळ तर खाल्लाच असेल." दारात जाऊन ते वळले. "नवी प्लेट मात्र करा. कुठल्याही डोक्यातनं काढा, पण तेल राहिलं पाहिजे."

त्यांची जीप वळणापलीकडं गेली तरी आम्ही तिघं तसेच होतो. मग आप्पा स्टुलावर बसले, सकाळी शेठ बसले होते त्याच.

"तू कशाला खोटं बोललीस?" ते वैजूला म्हणाले. "तुला काय ठाऊक होतं?"

"ठसा घेतलेला ठाऊक होता."

"कसा?"

"तुम्ही शर्टाच्या आत कागद घालून दिवसभर हिंडत होता, आप्पा. खाली वाकलात की पोट वाजायचं."

माझ्या हातातली वही खाली पडली. मी ती उचलली नाही, उचलताना काही ऐकायचं राहून गेलं असतं.

"तो चहाला गेला म्हणून जमलं," आप्पा म्हणाले, जरा सावरून.

"तो चहा पीत नाही. कॉफी पितो. दोन कप पाजले, पंधरा मिनिटं लागली. नाहीतर लगेच परत येत होता तो, हात पुसत."

आप्पा तिच्याकडं बघत राहिले. दोन महिने ज्याला ते देवाचं देणं समजत होते, ते त्यांच्यापुढं हेल्मेट काखेत धरून उभं होतं.

"तुला त्याची भाषा येत न्हाई," ते म्हणाले. "त्याला तुझी येत न्हाई. पंधरा मिनिटं बोललीस काय?"

"दुसरं काय बोलणार? इंजिनातलंच. ती प्लेट कशाला असते म्हणून विचारलं."

"आणि?"

"सांगितलं की त्यानं. फार चांगला माणूस आहे. कॉफीचा कप कलता करून दाखवला, थोडी माझ्या बुटावर सांडली. मग हातानं दाखवलं, झडप आत कशी येते, बाहेर का जात नाही. कागदावर काढून देऊ का म्हणून पण विचारत होता. मी नको म्हटलं, तुमचं आटपेपर्यंत त्याला पेन शोधायला तिकडं पाठवायचं नव्हतं."

बाहेर कुणाचा तरी लेथ चालू होता, तो तेवढा ऐकू येत होता.

"मला का न्हाई सांगितलंस?" आप्पांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. लहान मुलानं विचारावं तसं विचारलं.

"सांगणार होतो. घरी आलो, दुसऱ्या सकाळी तुम्ही चहाला आलात आणि म्हणालात, रात्रभर झोपलो नाही, डोक्यातनं काढली." वैजूनं हेल्मेट टेबलावर ठेवलं. "डोळे पण लाल होते तुमचे. मग मी कुठल्या तोंडानं सांगू, की मला एकानं कॉफी पिता पिता सांगितली? बसवलेली तर मी बघितलीच नव्हती. म्हटलं, बरोबरच असेल."

आप्पांनी टेबलावरचा कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "कसं दाखवलं त्यानं?"

वैजूनं दोन्ही तळवे समोर धरले, बोटांच्या टोकांना बोटांची टोकं लावून, दारासारखे. मग ते आपल्या छातीकडं उघडले आणि पुन्हा मिटले. मिटलेल्या तळव्यांवर हनुवटी ठेवून दाखवली, की आता बाहेर जायला वाट नाही.

आप्पांनी आपले तेलकट हात वर केले आणि तसंच केलं. त्यांचे तळवे बाहेरच्या बाजूला उघडले.

"तसं नाही, आप्पा," वैजू म्हणाली. ती पुढं झाली, त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि हात त्यांच्याकडं वळवले. "असं."